भिंत न फोडता बसवलेलं ग्रिल

खिडकीचं ग्रिल हाताने दोनदा हलवून 'पक्कं आहे' म्हणणारा माणूस दिसला, की ती घटना मला आजही आठवते आणि स्वतःचाच राग येतो. त्या प्रकरणात मीही नेमकं तेच केलं होतं. माझ्या त्या दोन झटक्यांमुळे एक माणूस स्वतःच्या बायकोच्या खुनात आत जायच्या बेतात होता. खात्यात चौतीस वर्षं काढली. बरीच प्रकरणं उलगडली, काही तशीच राहिली. न सुटलेल्यांपेक्षा हे सुटलेलं प्रकरण मला जास्त टोचतं. कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांना नावांशी काही देणंघेणं नसावं.

त्या वेळी मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हद्द भोसरी-दिघीच्या बाजूची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. त्यामुळे इतर शहरांत रविवारी जी भांडणं, मारामाऱ्या आणि दारू पिऊन पडणं होतं, ते आमच्या ठाण्यात गुरुवारी व्हायचं. गुरुवारी मी कुणाला रजा देत नसे. तो गुरुवारच होता आणि घट बसायला तीन दिवस बाकी होते. घटस्थापनेआधी आपल्याकडे घर वरपासून खालपर्यंत धुऊन निघतं. गोधड्या, पडदे, पंखे, खिडक्या, काही सुटत नाही. नवऱ्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून हद्दीतल्या झाडून सगळ्या इमारतींत त्या दिवशी बादल्या आणि फडकी निघाली होती.

दुपारी दीडच्या सुमारास सरकारी रुग्णालयातल्या चौकीवरून फोन आला. चौथ्या मजल्यावरून पडलेली बाई, वय तिशीच्या आसपास, दाखल करण्यापूर्वी मयत. सोबत नवरा. घटना सकाळी अकराची होती. म्हणजे आम्हाला कळायला अडीच तास गेले होते. यात कुणाचा दोष नाही. माणूस पडलं की लोक आधी रिक्षा बघतात, पोलीस नाही, आणि तेच बरोबर आहे. अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायला सांगून मी आमच्या जुन्या हवालदारांना बरोबर घेतलं आणि घटनास्थळी गेलो.

वीस घरांची, वीसेक वर्षांपूर्वीची इमारत. राहणारी बहुतेक कुटुंबं मराठवाड्यातल्या एकाच तालुक्यातली. एकजण चाकणच्या कंपनीत लागला, त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने मेहुण्याला. बघता बघता निम्मा गाव तिथे राहायला आला होता. बिल्डरने बसवलेल्या लोखंडी खिडक्या गंजून गेल्या होत्या. त्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि बाहेरच्या अंगाला नवीन ग्रिल बसवण्याचं काम वर्षभर टप्प्याटप्प्याने चालू होतं. अकरा घरांचं झालं होतं, बाराव्याचं सुरू होतं.

मयत बाईचं घर त्या अकरांपैकी. बाई इमारतीच्या मागच्या बाजूला पडली होती. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार-पाच हात रुंदीचा, गवत वाढलेला पट्टा आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. त्या बाजूला घरातून तीन ठिकाणं उघडतात. झोपायच्या खोलीची खिडकी, स्वयंपाकघराची लहान खिडकी आणि कपडे वाळत घालायची गॅलरी. स्वयंपाकघराच्या खिडकीला जुने गज होते. झोपायच्या खोलीची खिडकी नवीन होती. सरकती काच एका बाजूला ढकललेली, बाहेर ग्रिल. मी दोन्ही हातांनी ग्रिल धरलं आणि दोन झटके दिले. तसूभरही हललं नाही. गॅलरीचा कठडा मात्र उघडा होता, माझ्या छातीपर्यंत येणारा. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे होती.

हवालदार माझ्याकडे बघत होते. दोघांच्याही मनात एकच आलं. छातीएवढ्या कठड्यावरून बाई आपली आपण पडत नाही. एक तर उडी मारते, नाहीतर कुणीतरी उचलून टाकतं. पंचनाम्यात लिहिलं, 'खिडकीचे ग्रिल जागेवर व सुस्थितीत आढळून आले.' खाली पंचांच्या सह्या घेतल्या. हे वाक्य मी सांगितलं होतं, हवालदारांनी लिहिलं होतं.

नवरा रुग्णालयाच्या आवारात कट्ट्यावर बसला होता. चाकणला एका कंपनीत मशीनवर होता. शर्ट रक्ताने माखलेला. मला बघून उभा राहिला आणि विचारायच्या आधीच बोलला.

"साहेब, ग्रिल निघालं. ती काच पुसाया खिडकीत चढली होती. पाठ टेकली अन् ग्रिलासकट गेली."

"ग्रिल जागेवर आहे," मी म्हणालो. "मी स्वतः हलवून आलोय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "कसं असंल साहेब? तिच्याशेजारीच पडलं होतं. म्या डोळ्यानं बघितलं."

अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात एक दार बंद होतं. जे मी हाताने हलवून पाहिलं, त्याबद्दल हा माणूस खोटं बोलतोय. मग तो जे जे बोलेल ते सगळं खोटं. पुढच्या दोन दिवसांत मी त्याचं एकही वाक्य नीट ऐकलं नाही, हे आज मान्य करतो.

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, आवाज चढले होते, हे तिघांनी सांगितलं. खाली ग्रिल पडलेलं पाहिलं का, असं विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "आम्ही पोचलो तवा तिला उचललं होतं." माझा अनुभव असा, की साधी माणसं पोलिसाशी सहसा खोटं बोलत नाहीत. ती विचारलेल्या प्रश्नाच्या कडेकडेने चालतात. हे उत्तर तसंच होतं, आणि मला ते तेव्हा कळायला हवं होतं.

संध्याकाळी मुलीचे वडील गावाहून जीप करून आले. साठीचा शेतकरी, डोक्याला पांढरा रुमाल. ठाण्यात येऊन समोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, खिडकीला लोखंडाचे गज हायेत. म्या मागं आलो तवा स्वतः बघितलेत. मंग माझी लेक काय गजातून पाझरून गेली का? ह्यानंच टाकली तिला. माझी फिर्याद घ्या."

त्यांच्याबरोबर त्यांचा इथेच राहणारा पुतण्या होता, म्हणजे मयत बाईचा चुलत भाऊ. चाळिशीतला, नीटनेटका, मोजकं बोलणारा. त्यानेच म्हाताऱ्याला पाणी आणून दिलं, खांद्याला धरून बाकावर बसवलं, कागदावर सही कुठे करायची ते दाखवलं. मला तो कामाचा माणूस वाटला. त्यानेच सांगितलं की भाओजी तापट आहेत, बहीण बिचारी सहन करायची. खिडक्यांचं काम तोच करत होता. घटनेच्या वेळी तो पहिल्या मजल्यावर बाराव्या घराच्या कामावर होता. आरडाओरडा ऐकून सगळ्यांत आधी तोच धावला होता आणि बहिणीला रिक्षात घालायला त्यानेच हात लावला होता. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची चौकशी सुरू केली. सकाळी दहापासून माझ्या खोलीत. मारहाण नाही, आरडाओरड नाही. तेच तेच प्रश्न, फिरवून फिरवून. भांडण कशावरून झालं?

"काचेवरून," तो म्हणाला. "ती म्हणली, वरल्या काचंला माझा हात पुरत नाही, तुमी पुसा. म्या म्हणलं संध्याकाळी पुसतो. आठवडाभर रातपाळी झाली होती, मोबाइल बघत पडलो होतो. ती म्हणली, तुमची संध्याकाळ कधी येतच नाही. मंग चिडून आपली आपणच चढली."

मग खाली मान घालून म्हणाला, "माझ्यामुळं गेली, साहेब."

हवालदारांनी लिहायचं थांबून माझ्याकडे पाहिलं. माझा एक नियम होता. निरपराध माणसाला तीन तास तेच तेच विचारलं की तो चिडतो, आणि ज्याने केलेलं असतं तो मऊ पडतो. हा माणूस मऊ पडला होता. मला वाटलं, धागा हाताला लागला. आता संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर येईल. मध्ये त्याने मला एकच गोष्ट विचारली.

"साहेब, माझं जे व्हायचं ते होऊ द्या. पण पोरगी माझ्यापाशीच राहील ना?"

सहा वर्षांची मुलगी होती. घटना घडली तेव्हा शाळेत होती. आजोबा तिला गावी घेऊन जाणार हे तोवर नातेवाइकांत ठरून गेलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. चौकशी चालू असताना आम्ही अशा प्रश्नांना उत्तर देत नाही.

त्याच दुपारी शवविच्छेदन होऊन प्रेत ताब्यात मिळालं. अंत्यविधीला मी साध्या कपड्यांतले दोन शिपाई देऊन नवऱ्याला नेलं. तिथे सासऱ्याने हात आडवा धरला. याच्या हातून अग्नी नको, म्हणाले. माणसं तापलेली होती, दोन्हीकडचे लोक जमले होते आणि मला तिथे मारामारी नको होती. मी नवऱ्याला बाजूला उभं राहायला सांगितलं. अग्नी चुलत भावाने दिला. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने माझा निर्णय बरोबर होता. तरीही माझ्या नोकरीतला एक निर्णय मागे घ्यायची मुभा मिळाली, तर मी तो घेईन.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो. ठाणे अंमलदाराने येऊन सांगितलं, एक म्हातारी आलीय, तुम्हालाच भेटायचं म्हणते. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. ती इमारत जिच्या जमिनीवर उभी होती, ती ही आजी. जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायची, मयत बाईच्या बरोबर खाली.

"सायेब," ती खुर्चीत टेकत म्हणाली, "मला येक सांगा. ज्या घरातलं मानूस नुकतंच गेलंय, त्या घराच्या भितीला डिरिल कोन मारतं?"

मी डायरी मिटली.

"तिला रिक्षात घातली, समदी मंडळी दवाखान्यात पळाली. आमी घरात बसून देवाचं नाव घेत व्हतो. तवा वर डिरिल चाललं. चांगला अर्धा तास. माज्या भितीवरचा फोटू हालला."

"आजी, त्या इमारतीत खिडक्यांचं काम चालूच आहे. पहिल्या मजल्यावर चालू असेल."

"न्हाई. वर म्हंजे वर. आनि दुसरं ऐका. त्यानं अकरा घरांत खिडक्या बशीवल्या. येवढा आवाज येकदाबी झाला न्हाई. भिंत न फोडता, धूळ न करता, येका दिसात खिडकी. म्हून तर समदी त्याच्यावर खूश व्हती. आमच्या जुन्या घराला गज बशीवले तवा भिंत फोडून त्याचं पाय आत गाडलं व्हतं, वरनं सिमीट भरलं, आठ दिस पानी मारलं. भिंत फोडल्याबिगर गज बसतोय व्हय?"

"तुमच्या घरी त्यानेच बसवल्यात का खिडक्या?"

"मी न्हाई बशीवल्या. माज्याकडं आला तवा म्हन्लं, बाबा, ज्या घरात तू बशीवल्यात तितं मला ने आनि गजाला पाठ लावून माज्यासमोर हुबा ऱ्हा. हसला नि गेला. मंग मीबी काम दिलं न्हाई. बाकीच्या बायांना सांगितलं, तर म्हन्ल्या म्हातारी उगंच खोड काढती. त्यो त्यांच्या गावचा ना."

मी विचारलं, हे सांगायला दोन दिवस का लावले? ती माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली, "तुमी पोलीस हाय. मला वाटलं, तुमाला कळलंच आसंल."

चौतीस वर्षांत वरिष्ठांनी मला बरंच काही सुनावलं, पण या वाक्यासारखं काही लागलं नाही.

मी हवालदारांना घेऊन पुन्हा गेलो. या वेळी त्या घरात पाऊल टाकलं नाही. मागच्या बाजूला असलेल्या दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि ती खिडकी समोरून, बाहेरून पाहिली. गुरुवारी मी ती आतून पाहिली होती. घर बघायला येणारे आतून बघतात, काम पसंत करणारे आतून बघतात, चहा पिऊन जातात. पोलीसही आतूनच बघून गेला होता. बाहेरून, दुपारच्या उन्हात, खिडकीच्या दोन्ही बाजूंना गिलावा उखडल्याच्या चार जागा स्वच्छ दिसत होत्या. आतून त्या अॅल्युमिनियमच्या चौकटीआड जात होत्या. नवीन ग्रिल त्या जागांपासून चार बोटं आत सरकवून बसवलेलं होतं, जाड बोल्ट भिंतीत खोलवर घालून. खाली गवतात तासभर शोधल्यावर हवालदारांना एक स्क्रू सापडला. जेमतेम इंचभर लांबीचा, टोकाला गिलाव्याचा तुकडा चिकटलेला. पंच बोलावून तो मुद्देमाल म्हणून जप्त केला.

मग पहिल्या मजल्यावरच्या बाराव्या घरी गेलो. खिडकी बसली होती, ग्रिल नव्हतं. घरमालकीण म्हणाली, "बुधवारी पार्किंगमध्ये आणून ठेवलं होतं की ग्रिल. शुक्रवारी बघितलं तर गायब. दुसरं आणतो म्हणाले." त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या. एका घराचं ग्रिल दुसऱ्या घराला जसंच्या तसं बसतं. एवढं कळल्यावर नवऱ्याने पहिल्या मिनिटाला जे सांगितलं होतं, ते शब्दन् शब्द खरं होतं हे माझ्या लक्षात आलं.

आता चुलत भावाला बोलावायचं होतं. ठाण्यात बोलावलं असतं तर तो तयारीने आला असता. मी त्याला त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी बोलावलं. तिथेही खिडकी त्याचीच होती. घरच्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. पाण्याची बादली आणि फडकं मागवून त्याच्यापुढे ठेवलं.

"खिडकीत चढ," मी म्हणालो, "आणि वरची काच बाहेरून पूस."

तो हसला. मी हसलो नाही. त्याने फडकं उचललं, पिळलं. खिडकीच्या कट्ट्यावर एक हात ठेवला. दुसरा हात ग्रिलकडे गेला आणि ग्रिलला लागायच्या आधीच थांबला. त्याला मी खरोखर चढू दिलं नसतं, हवालदार त्याच्या मागे दोन पावलांवर उभे होते. पण त्याला ते माहीत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "वरची काच काठीला फडकं बांधूनबी पुसता येते."

"तुझ्या बहिणीला सांगितलं होतंस का हे?"

तो तिथेच फरशीवर बसला. फडकं हातातच होतं. त्यानंतर त्याला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. लोकांना धूळ नको होती, फरशी खराब व्हायला नको होती, दसऱ्याच्या आत सगळ्यांना खिडकी हवी होती. भिंत फोडून पाय गाडायचे तर एका घराला आठवडा लागतो. स्क्रू मारले की संध्याकाळपर्यंत घर मोकळं. गिलाव्यात स्क्रू धरतात, हाताने हलवलं तर हलत नाहीत. अकरा घरं झाली, कुणी एक शब्द विचारला नाही. उलट कौतुक झालं. बहीण खाली पडलेली आणि शेजारी ग्रिल, हे पाहिल्यावर पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आली ती उरलेली दहा घरं. 'तुम्ही व्हा पुढं, मी घर बघतो' म्हणून तो मागे राहिला. वाकलेलं ग्रिल टेम्पोत टाकलं, एका कारागिराच्या मदतीने बाराव्या घराचं ग्रिल वर चढवलं आणि या वेळी बोल्ट मारले. त्या इमारतीत नीट बसवलेलं ग्रिल एकच होतं, आणि ते ती गेल्यानंतर बसवलेलं होतं.

"काकाला वाटलं भाओजींनी टाकली," तो म्हणाला. "मी फक्त गप राहिलो, साहेब."

तो फक्त गप्प राहिला नव्हता. भाओजी तापट आहेत, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं होतं. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, त्यातून मिळालेल्या वस्तूला असते. पंचांसमक्ष त्याने भोसरीतल्या आपल्या वर्कशॉपमधून वाकलेलं ग्रिल काढून दिलं. एका गजावर तिच्या निळ्या साडीचा धागा अडकलेला होता. कारागिराचा जबाब झाला. खाली ग्रिल पाहिलेले दोन शेजारीही आता बोलले. गप्प का राहिलात म्हटल्यावर एकजण म्हणाला, "साहेब, तो आपला माणूस. त्याला गावावरून आम्हीच आणलं होतं. आणि आमच्या घरांना पण त्याच्याच खिडक्या." म्हणजे आपण निवडलेला माणूस चुकीचा होता हे कबूल करण्यापेक्षा शेजाऱ्याला खुनी मानणं त्यांना सोपं गेलं होतं. तोंडावर तसं बोललो नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणं, पुरावा नष्ट करणं आणि खोटी माहिती देणं, असे गुन्हे लावले. पुढे शिक्षा झाली.

सरकारी अभियंत्याला बोलावून बाकीची ग्रिल तपासली. दोन माणसांनी जोर लावला की एकेक निघून येत होतं. खाली बायका उभ्या राहून बघत होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "मी परवाच चढले होते गं."

त्या शनिवारी संध्याकाळी सासरे ठाण्यात आले. पुतण्याचं सगळं त्यांना कळलं होतं. मुलगी गेली होती आणि जो मुलासारखा होता तोही गेला होता. त्यांच्याबरोबर नात होती. त्यांनी तिचा हात जावयाच्या हातात दिला आणि म्हणाले, "लेकरू तुमचंय. म्या आंधळा झालो होतो." जावई त्यांच्या पाया पडला. दोघेही रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. माफी मागण्याची आमच्या खात्यात पद्धत नाही, पण मी मागितली. म्हणालो, मी ग्रिल हलवून पाहिलं आणि तुझ्यावर विश्वास ठेवला नाही.

त्याने मुलीचा हात सोडला नाही. म्हणाला, "तिनंबी हलवून बघितलं होतं, साहेब. बसवलं त्या दिवशी. दोन्ही हातानं. म्हणली, दादानं पक्कं बसवलंय."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. लोकांना एखादी युक्ती हवी असते, चांगला ठेकेदार ओळखायची. माझ्याकडे युक्ती नाही. एवढंच कळलं, की आपला माणूस म्हटलं की आपण विचारायचं सोडतो आणि विचारलं तर त्याला अपमान वाटेल म्हणून घाबरतो. ज्याला विचारल्याचा अपमान वाटतो, त्याच्या हातात घराची भिंत देऊ नये. आणि घरात धूळ झाली नाही, हे कौतुक मला तेव्हापासून सहन होत नाही.

निवृत्तीनंतर कासारवाडीच्या आमच्या घराच्या खिडक्या बदलायच्या निघाल्या. तीन ठेकेदार आले. प्रत्येकाला म्हटलं, दोन-तीन पावसाळे झालेलं तुमचं काम दाखवा, आतून नाही, बाहेरून, आणि त्या ग्रिलला पाठ लावून उभे राहा. पहिला रागावून गेला. दुसरा 'फोन करतो' म्हणाला, त्याचा फोन आला नाही. तिसरा पन्नाशीचा, हाताला सिमेंटचे घट्टे पडलेला माणूस होता. तो मला जवळच्याच एका घरी घेऊन गेला. दुसरा मजला. घरमालकिणीची परवानगी घेतली, चप्पल काढली, काच सरकवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर चढून माझ्याकडे तोंड करून ग्रिलला पाठ टेकली. पूर्ण भार टाकून, दोन्ही हात मोकळे सोडून.

त्या चौथ्या मजल्यावर तीही तशीच उभी राहिली असेल, हे माझ्या मनात आलं. मी त्याला म्हणालो, "उतरा हो खाली, आधी उतरा." काम त्यालाच दिलं. त्याने भिंत फोडली, आठ दिवस घरभर धूळ होती. बायको वैतागली होती, मी एकदाही कुरकुर केली नाही.